सत्यभामाबाईची बाटली

निवृत्ती मूळचा वडनेर भोलजीचा. बायको गेल्यावर त्यानं बदली मागून घेतली, आणि महाराष्ट्र राज्य तीन वर्षांचं असताना तो लोणारच्या दवाखान्यात आला. काम असं, की क्षयाच्या रोग्यांनी आणलेली लघवी काचेच्या नळीत घ्यायची आणि तीत पिवळ्या औषधाचे थेंब सोडायचे. रोगी गोळ्या खात असला तर रंग जांभळा चढतो, नसला तर चढत नाही. मग वहीत लिहायचं, 'घेते' किंवा 'घेत नाही'. असलं काम करणाऱ्याच्या हातचा चहा गावात कोणी घेत नसे, अन् त्यालाही कोणी देत नसे. दवाखान्यामागच्या खोलीत तो एकटाच भाकर थापी, एकटाच खाई. सरोवराचा उग्र वास तेवढा रोज न चुकता सोबतीला येई.

सत्यभामाबाईला क्षय झाला म्हणून सासरच्यांनी शेतातल्या खोपटात ठेवलं होतं. दर सोमवारी ती तीन कोस चालत येई, बाटली खिडकीत ठेवी आणि लांब कडुनिंबाखाली बसून राही. तीन सोमवार रंग आला नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या आधीच तोकड्या आहेत. आज रंग आला नाही तर बाईचं नाव कमी करू.

आजही नळीत नुसता तपकिरी गढूळ साका. निवृत्ती विचार करत राहिला. ज्याला गोळ्या फेकायच्या, तो त्या न्यायला तीन कोस कशाला तुडवील? मग कोणी न शिकवलेली गोष्ट त्यानं केली. तिच्याच लघवीत एक गोळी कुटून टाकली आणि थेंब सोडले. गोळी आता त्याच्या हातानं घातलेली होती, तरी रंग आला नाही. स्वतःच्या लघवीत दुसरी गोळी टाकून पाहिली, तर ती वांग्यासारखी जांभळी झाली. म्हणजे बाईच्या लघवीतच काहीतरी रंग गिळत होतं.

तो कडुनिंबाखाली जाऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. गोळ्यांसोबत आणखी काय खाता, असं त्यानं विचारलं.

"खार घेतो ना भाऊ, सरोवराचा. गोळ्यांनी पोटात आग पडते. दर खेपेले पान्यात खार घेतला का मंग त्या ठरतेत."

"सांगितलं काऊन नाही?"

"कोनं इचारलं मले?"

सोड्यासारखा हा खार लघवीत उतरून रंग गिळत होता, आणि खाराला आंबट मारतं. निवृत्तीनं आत येऊन बाटलीतली उरलेली लघवी नव्या नळीत घेतली आणि तीत आम्लाचे थेंब सोडले. फसफस बसू दिली. मग पिवळे थेंब. जांभळा रंग सावकाश चढत गेला. डॉक्टरांनी नळी उजेडात धरून बराच वेळ पाहिली, नाव कायम ठेवलं, आणि यापुढं प्रत्येक बाटलीत आधी आम्ल घालायला सांगितलं.

गोळ्यांची पुडी ओच्यात बांधताना सत्यभामाबाई म्हणाली, "हे खाराचं मले शेजारच्या रुखमानं शिकवलं. माह्यासमोर गोळ्या गिळे, अन् वरून खार घे. तिच्या तं तुमी बंद केल्या."

रुखमाबाई आता कुठं असते, असं त्यानं विचारलं.

"गेली ना. पोळ्याच्या आधी."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. वाट विचारणाऱ्याला सांगावं तसं सांगून ती चालू लागली.

निवृत्तीनं मागल्या वर्षीची वही काढली. रुखमाबाईचं पान सापडलं. वळणदार अक्षर त्याचंच होतं. घरी निघालेले डॉक्टर म्हणाले, मेलेल्या माणसाचं पान कोणी तपासत नाही, राहू द्या. ते गेल्यावर त्यानं 'घेत नाही'वर रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, 'घेत होती'. शाई वाळली, तरी तो वही उघडी ठेवून बसून राहिला.