गायकवाडभाऊंची हरवलेली झांज

आमच्या मळवलीच्या बैठकीचे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या शेपटीला दुसरा लटकलेला असतोच. परवा लोणावळ्यात माझ्या चष्म्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला सांगत बसलो, तर ते बिचारं नंबर न तपासताच निघून गेलं!

बैठक म्हणजे काय, तर दर रविवारी गायकवाडभाऊंच्या ओटीवर बिगबँड ऐकायचा. भाऊंची सगळी नोकरी लोणावळ्यातल्या एका हॉटेलात झाली. तिथले जुने मॅनेजर जेवणाच्या हॉलमध्ये अमेरिकेतलं जुनं स्विंग लावायचे. पंधरा-वीस माणसं ट्रम्पेट नि सॅक्सोफोन फुंकतायत, मागे ड्रम, आणि आपला पाय काही केल्या थांबत नाही! भाऊंना तिथंच हे वेड लागलं. रिटायर झाल्यावर मुलानं मोठा स्पीकर आणि रीमास्टर केलेले संच आणून दिले. म्हणजे जुन्या तबकड्यांवरची खरखर काढून, धुऊन-पुसून नव्यासारखी केलेली तीच गाणी.

*

शेजारचे शेलारआबा भातशेती करतात. पहिल्यांदा आले ते विळा मागायला.

"राम राम भाऊ."

"जय भीम आबा, बसा. जरा हे ऐका."

आबा बसले. एक झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला त्यांनी हळूच माझ्याकडे वाकून विचारलं, "गानं कवा सुरू व्हायचं?"

"आबा, हेच गाणं."

"मग म्हननारा कुटंय?"

"यात म्हणणारा नसतो."

आबांनी कपाळाला हात लावला. "येवढी वाजवनारी मानसं गोळा केली, अन् म्हननाऱ्यालाच सांगावा धाडायचा राह्यला व्हय!"

पण दुसऱ्या रविवारी सगळ्यात आधी आबाच हजर. विळा मात्र अजून परत आलेला नाही.

*

एकदा वडगावचा एक बँडमास्तर आला. उभा जन्म वरातीत गेलेला माणूस! भाऊंनी त्याला एक लांबलचक गत ऐकवली. तो डोळे मिटून सांगायला लागला.

"हितं वरात निघाली बघा. आता हितं नवऱ्याचा मामा नाचायला घुसला... हितं चौक आला, गाड्या अडल्या..."

मध्येच सगळे थांबले आणि एकटी क्लॅरिनेट हळू, रडवेली वाजायला लागली. मास्तर गंभीर झाला. "हितं कुणीतरी रुसलं."

मग सगळा बँड एकदम उसळला. "निघाला, निघाला रुसवा!"

गत संपली. मास्तरानं डोळे उघडले आणि हळहळून म्हणाला, "मांडवापर्यंत नेलं हो बिचाऱ्यांनी. येवढ्या वाटंत कुणी चहाला पन विचारलं न्हाई!"

*

पुढं भाऊंच्या स्पीकरचा आवाज रविवारागणिक वाढत चालला. पलीकडच्या फार्महाउसवर मुंबईची पोरं शनिवार-रविवारी येतात, सोबत डीजे असतो. त्यांच्या धडधडीनं आमच्या कपातला चहा थरथरतो! एका रविवारी तिथला केअरटेकर खाली मान घालून आमच्याकडे आला.

"भाऊ, पाव्हनं इचारत्यात, आवाज जरा कमी करता का? त्यास्नी त्यांचा डीजे ऐकू येईना!"

आम्ही खो खो हसलो. भाऊ हसले नाहीत. त्यांना तो काय म्हणाला हे मी पुन्हा ओरडून सांगितलं, तेव्हा हसले.

*

आणि मग भाऊंनी रीमास्टरवाल्यांवर तोफ डागली. "खरखर काढायच्या नादात ड्रमवाल्याची झांजच धुऊन टाकली राव! हॉटेलात कशी छन छन ऐकू यायची. बेअक्कल लेकाचे!"

झांज तर मला स्वच्छ ऐकू येत होती. कुणाच्या तोंडावर कसं सांगायचं? पण आबांना असला संकोच माहीत नाही.

"भाऊ, झांज वाजतीया की. मला येतीया ऐकू."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मीही होकाराची मान हलवली. त्यांनी स्पीकर बंद केला आणि दोन रविवार बैठकच भरली नाही. तिसऱ्या रविवारी आम्ही आपणहून गेलो, तर म्हणाले, "उभ्यानं ताटं वाहत ऐकलं रे सगळं. म्हटलं, आता खुर्चीत बसून निवांत ऐकीन. तर हे असं."

मला फार वाईट वाटलं. आबा माझ्यावरच डाफरले. "तुमी चष्मंवालं ना? मग डोळ्याच्या शेजारीच तर हाय कान. द्या की बसवून कायतरी!"

*

शेवटी वडगावच्या डॉक्टरांकडून कानाचं मशीन बसवून आणलं. येताना भाऊ वैतागलेलेच. "माझ्या चपला एवढ्या वाजतात? आणि आबा, तुम्ही नुसते झोपेतच नाही, जागेपणीही घोरता!"

ओटीवर आलो. भाऊ खुर्चीत बसले. बटण आबांनी दाबलं. बँड सुरू झाला. भाऊंचं बोट हवेत उठलं. छन... छन... छन. डोळ्यांतून घळाघळा पाणी! आबांनीही उपरण्यानं नाक पुसलं.

एवढ्यात भाऊंनी कपाळाला आठी घातली. उठून आवाज कमी केला. आणखी कमी केला. मग स्पीकर पार बंदच केला.

गत चालूच होती.

आम्ही तिघं आवाजाच्या मागं मागं स्वयंपाकघराच्या दारात गेलो. आत भाऊंच्या पत्नी, कुसुमवहिनी, भाकरी थापता थापता, मान डोलवत, बँडची ती गत गुणगुणत होत्या. एक सूर इकडचा तिकडं नाही!

"अगं," भाऊ दारातूनच म्हणाले, "हे तू कधीपासून म्हणतेस?"

वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली.

"हॉटेलातून पहिली कॅसेट आणलीत ना, तेव्हापासून. ऐकायला आज आलात!"