आत्याचं गोडं तेल

आत्या गेल्याची बातमी घेऊन केशवभावोजी भर दुपारी परळला आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा मी चुलीत वांगं भाजत होते. "गाठ नव्हती, वहिनी. म्हातारपणानं गेली," हे त्यांचं पहिलं वाक्य. हल्ली प्लेगच्या दिवसांत मुंबईत कुणी गेलं की आधी हेच सांगावं लागतं, नाहीतर खांद्याला चार माणसं मिळत नाहीत. मग ते उंबऱ्यातच बसले आणि मान खाली घालून म्हणाले, "तुम्ही लगेच चला. सुंदरा रडत नाहीये. बायका बघतायत."

सुंदरा म्हणजे त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ. मी वांगं तसंच विस्तवात सोडलं, यजमानांना कामावर निरोप धाडला आणि निघाले. भायखळ्यापर्यंत चालत आणि पुढे ट्रामनं गिरगावात पोहोचेस्तोवर मी रडायचा प्रयत्न करत होते... कारण गेलेली बाई नुसती माझी सासू नव्हती, माझ्या वडिलांची सख्खी मोठी बहीण होती. माणूस गेलं की त्याचं चांगलं तेवढंच बोलावं, अशी आपल्याकडे रीत आहे. आत्याचं चांगलं सांगायचं तर तिच्या हातचं जेवण सांगावं लागेल, आणि जेवण सांगायला बसलं की बाकीचं आपोआप निघतं. म्हणून सगळंच सांगते.

आमचं गाव राजापूरजवळ. तिथं घरोघरी खोबरेलात फोडणी, खोबरेलातच मासे. आत्या शिमग्याला आगबोटीनं यायची आणि येताना पितळेच्या बुधल्यात मुंबईहून गोडं तेल आणायची. मुंबईत गोडं तेल म्हणजे तिळाचं. आल्या दिवशी हातपाय धुऊन ती आईच्या चुलीपाशी बसायची, अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायची आणि त्यावर घावन घालायची. तेल तापलं की घरभर भाजलेल्या तिळांचा वास सुटायचा. पहिलं घावन माझं. मी तिच्या गुडघ्याला टेकून बसायची आणि ती फुंकर घालून घास भरवायची. "अंबूला मी मुंबईला नेणार," असं ती दरवर्षी म्हणायची आणि एका वर्षी तिनं ते खरं केलं. मला तिच्या थोरल्या मुलासाठी मागितलं. निघताना मी रडायला लागले तेव्हा आई म्हणाली, "रडतंस कशाक गो? सासू नाय ती, आत्याच तुझी."

लग्नानंतर पहिल्या सकाळी, गिरगावात खोताच्या वाडीजवळच्या त्या दोन खोल्यांत, मी नेहमीसारखी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "आत्या, तू घावन करतेयस?" तिनं माझ्याकडे न बघता तवा उतरवला. "आजपासून आत्या नाही, सासूबाई. आणि 'तू' नाही," म्हणाली. त्या दिवसापासून मी तिला अहोजाहो करत आले. आज ती नाही, म्हणून पुन्हा आत्या म्हणतेय.

तिच्या हाताला जी चव होती ती मला पुन्हा कुठं भेटली नाही. तेल आणायला ती स्वतः चिंचपोकळीच्या तेल्याकडे चालत जायची. घाण्यातून उतरलेलं तेल तळव्यावर घ्यायचं, दोन्ही हात चोळायचे आणि नाकाशी धरायचे. कारळ्याच्या तेलाची भेसळ असली की ती एक शब्द न बोलता हात तेल्याच्याच धोतराला पुसून परत फिरायची. तो मागून हाका मारत दुसरा डबा आणायचा. फोडणीचं तेल आधी धूर दिसेपर्यंत तापवायचं, मग खाली उतरवून जरा निववायचं आणि तेव्हाच मोहरी टाकायची. घाई केली तर तेल कच्चं राहतं. "कच्चं तेल आणि कच्ची सून, दोन्ही घशाला लागतात," असं ती म्हणायची. पण भरितावर मात्र कच्चंच तेल, वरून, धार धरून. लसणीच्या चटणीत मधोमध खळगा करून त्यात ते ओतायचं. ताज्या बोंबलाला तांदळाचं पीठ लावून ती तव्यावर सोडायची तेव्हा जिन्यातून जाणारी माणसं पायरीवर थांबायची. अळवाच्या भाजीला, पिठल्याला, साध्या मुगाच्या आमटीला तिचं तेल असं काही लागायचं की पाहुणा आपणहून ताट पुढं करायचा. हे सगळं तिनं मला शिकवलं, हे मी नाकारत नाही. चुकलं की उलथन्याचा दांडा मनगटाच्या हाडावर बसायचा. तिच्या सासूनं तिला असंच शिकवलं होतं म्हणे.

पण ते तेल पुरुषांसाठी आणि तिच्यासाठी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. घरात तिचा शब्द शेवटचा, आणि तेलाचा बुधला तिच्या उशाशी. सुनांच्या ताटात कोरडी चटणी, कोरडी भाकरी, कढईत खरवडून उरेल ती भाजी. "बाईच्या पोटात तेल गेलं की जीभ सुटते," हा तिचा नियम. घरात तोटा होता म्हणून नव्हे. माझे यजमान छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, भावोजी माझगावच्या गोदीत होते, खाऊनपिऊन सुखी घर. तिला आम्ही मागावं असं वाटायचं... आणि मागितलं की नाही म्हणायचं. मी मागणं लवकर सोडलं.

सुंदराला ते जमलं नाही. अलिबागकडची पोर, भावोजींशी लग्न होऊन आली तेव्हा बोलता बोलता हसायची. दोन वर्षांनी तिला दिवस गेले आणि डोहाळे लागले ते कसले, तर ज्वारीच्या गरम भाकरीवर कच्चं तेल आणि मीठ. दुसरं काही पोटात ठरत नव्हतं. आत्यापाशी तिनं तीनदा मागितलं. तिसऱ्या वेळी आत्या म्हणाली, "माझ्या वेळेला मी चुलीतली राख खाल्ली. तू कोण लागून गेलीस?"

एका दुपारी आत्या मुंबादेवीला गेली होती. सुंदरानं बुधल्यातलं पळीभर तेल भाकरीवर ओतलं आणि भिंतीकडे तोंड करून खाल्लं. मला म्हणाली, "ताई, जीव आला बघा." तिनं ताट घासलं, हात मातीनं धुतले, तोंडात सुपारी टाकली. आत्या परतली, पायावर पाणी घेतलं आणि आत येता येता थबकली. सुंदरापाशी जाऊन तिनं तिचे हात हुंगले. मग म्हणाली, "तोंड उघड."

सुंदरानं तोंड उघडलं.

त्यानंतर आत्या काही ओरडली नाही. शांतपणे चुलीवर लोखंडी पळी ठेवली, तीत तेल घातलं आणि नेहमीसारखी समोर पाटावर बसून राहिली. मला वाटलं फोडणी करतेय. धूर दिसला तशी तिनं पळी उचलली आणि म्हणाली, "ज्या हातानं घेतलंस तो पुढं कर." सुंदरा रडत होती, पण तिनं हात पुढं केला. इतक्या दिवसांची सवय... सांगितलं की करायचं. मी धावले, आत्याच्या दंडाला धरलं. अर्धं तेल जमिनीवर आणि माझ्या पावलावर सांडलं. अर्धं सुंदराच्या तळव्यात.

तिच्या ओरडण्यानं शेजारची मार्थाबाय धावत आली. तिनं अंड्याचा पांढरा बलक फेटून हातावर थापला आणि मला विचारलं, "कसा झाला गो?" माझ्याआधी आत्या म्हणाली, "फोडणी उडाली. पोरीला धड उभं राहता येत नाही चुलीपाशी." संध्याकाळी भावोजी घरी आले. त्यांना मी खरं सांगितलं. त्यांनी बायकोच्या हाताकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "आईनं काही विचार करूनच केलं असेल." मग जेवायला बसले. त्या दिवशी घरात भरली वांगी होती. त्यांनी दोनदा मागून घेतली.

सुंदराच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याला चिकटून आखडली, ती कायमची. मुलगी झाली, चिमा. बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आल्या दिवशी आत्यानं मूल आपल्या मांडीवर घेतलं. "तुझ्या असल्या हातातून पडेल ती," म्हणाली. तेव्हापासून चिमा आजीची. आजीच्या कुशीत झोपायची, आजीच्या ताटात जेवायची, आणि आजी तिच्या भाताच्या गोळ्यावर तेलाची धार धरायची. सुंदरा चुलीपाशी बसून बघायची. हसणं केव्हा बंद झालं ते मला सांगता येणार नाही. मी यजमानांना सांगितलं की या घरात माझी मुलं वाढणार नाहीत. त्यांनी परळच्या गिरणीत कारकुनाची जागा धरली आणि आम्ही वेगळं बिऱ्हाड केलं. सुंदराला म्हटलं, तूही चल. ती म्हणाली, "चिमीला सोडून?"

गेल्या वर्षी आत्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं कळेनासं झालं. वैद्यांनी सांगितलं, पेज द्या, तेलकट खायला देऊ नका, आणि रोज सकाळी तिळाचं तेल कोमट करून अंगाला चोळा. मी भेटायला गेले तेव्हा सुंदरा तेच करत होती. त्याच लोखंडी पळीत तिनं तेल तापवलं आणि पळी घेऊन खाटेपाशी आली. आत्यानं ती येताना पाहिली. तिचा चांगला हात छातीशी गेला, मूठ आवळली, डोळे मिटले आणि घशातून एक आवाज यायला लागला... मांजराच्या पिलासारखा. सुंदरा पळी धरून तशीच उभी राहिली. बराच वेळ. मग आपल्या मनगटावर थेंब टाकून तिनं तेल पाहिलं, खाली बसली आणि आत्याची मूठ एकेक बोट उघडून हलक्या हातानं चोळायला लागली. तेल कोमटच होतं. मीही बोट बुडवून पाहिलं. तिनं आत्याला कधी चटका दिला नाही.

"रोज अशी घाबरते?" मी विचारलं.

"रोज."

"मग वाटीत घेऊन येत जा ना गं. पळी कशाला?"

सुंदरा चोळत राहिली. म्हणाली, "ताई, वैद्यांनी तेल कोमट करायला सांगितलंय. कशात, ते नाही सांगितलं."

चिमा तिथंच भिंतीशी बसली होती. आता ती सात-आठ वर्षांची आहे. ती उठून आजीच्या उशाशी गेली, आजीचे डोळे पुसले आणि आईला म्हणाली, "तू मुद्दाम करतेस." सुंदरानं मान वर केली नाही. दुपारी तिनं भरीत केलं, चटणी केली, आत्याच्या खोलीत वास भरून राहिला. आत्या जिभेनं ओठ चाटत "ते... ते..." करत होती. चिमानं आपल्या ताटातल्या तेलात बोट बुडवून आजीच्या ओठाला लावलं. आत्या ते बोट चोखत राहिली. मला तिथं बसवेना. मी न जेवता परळला आले.

आत्या गेली त्या दिवशी मी पोहोचले तेव्हा बायका सुंदराला घेरून बसल्या होत्या. "रड गं बाई, मोकळी हो," असं एक म्हातारी म्हणत होती. सुंदरा म्हणाली, "हगणंमुतणं मी काढलं. रडायचं ज्यांचं राहिलंय त्यांनी रडावं." भावोजी रडत होते. चिमा तर आजीच्या पायाला मिठी मारून बसली होती, तिला सोडवायला दोघी लागल्या. मला रडू आलं ते सोनापूरच्या स्मशानातून माणसं परतल्यावर, कुणीतरी सुतकाचा बिनफोडणीचा भात वाढला तेव्हा. आत्यानं तो भात समोरून उचलून फेकला असता.

तेराव्याला मी पुन्हा गेले. भावोजींनी घराला चुना काढला होता. चुलीमागच्या भिंतीनं मात्र तो धरला नव्हता. इतक्या वर्षांच्या फोडण्यांचं तेल तिच्यात मुरलेलं. चुना वाळला की खालून पिवळे डाग वर येतात. भावोजींनी दोनदा हात मारून पाहिला आणि नाद सोडला. चिमा त्या डागांपाशी पाट घेऊन बसते, आईकडे पाठ करून. जेवते तिथंच. भिंतीला नाक लावते, असं सुंदरा म्हणाली. अजून तिळाचा वास येतो म्हणे.

पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी जावा भांडी आवरत होतो. मी हळूच म्हटलं, "सुंदरा, आता तरी पोरीला सांग. हात कशानं गेला ते. तिला वाटतं फोडणी उडाली."

"सांगितलं," सुंदरा म्हणाली. "परवा सांगितलं. सगळं. तिच्याच वेळचे डोहाळे होते, तेही सांगितलं."

"मग?"

"तिनं ऐकून घेतलं. हात उलटा करून बघितला. म्हणाली, आजीला न विचारता तू तेल का घेतलंस?"

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार," सुंदरा म्हणाली. "भूक लागली होती तिला. भाकरी वाढली."