एका कॅसेटचा संसार

रंगनाथ हा वेल्डर मूळचा सांगोल्याचा. दोह्याच्या नजमा वस्तीतल्या आठ जणांच्या खोलीत त्याच्या वाट्याला एक कॉट आली होती, पण त्या कॉटवर तो झोपेव्यतिरिक्त कधी टेकला असेल तर शपथ. जेवायचा उभ्यानं. चहा घ्यायचा जिन्यात. त्याची बायको मुक्ता मिरजेची नर्स. लग्नानंतर सहा महिन्यांत तिला शिकागोच्या इस्पितळानं बोलावून घेतलं आणि हा इकडे दोह्याला आला. तिचं ग्रीनकार्ड झालं, तिनं नवऱ्यासाठी अर्ज घातला, आणि चार वर्षांनी, सत्त्याऐंशी साली, रंगनाथला अमेरिकन वकिलातीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. येताना लग्न खरं असल्याचा पुरावा आणा, म्हणे.

पुरावा कुठून आणणार? नवराबायको दोघंही पत्रं लिहायला आळशी, फोन परवडायचा नाही. कॅसेटवर बोलायचे. तीही एकच. मुक्तानं बोलून पाठवायची, यानं ऐकून त्यावरच उत्तर बोलायचं आणि परत धाडायची. चार वर्षांचा संसार दोघांनी असा काटकसरीनं एकमेकांच्या हातानं पुसून काढला होता.

"निदान परवा आलेली तरी आहे ना?" खोलीतल्या मच्छिंद्रनं विचारलं.

होती, पण रंगनाथला दम कुठला? त्यानं आदल्याच दिवशी तिच्यावर उत्तर बोलायला सुरुवात केली होती. तेही खोलीभर फेऱ्या मारत, त्यामुळे आवाज सारखा जवळ यायचा नि लांब जायचा. मध्येच वीज गेली आणि उत्तर अर्धंच राहिलं.

तीच कॅसेट घेऊन तो वकिलातीत गेला. लग्नाचा दाखला, फोटो सगळं पाहून साहेब म्हणाला, चार वर्षं लांब राहता, मग तुमचं बोलणं तरी होतं का? रंगनाथनं कॅसेट पुढे केली. दुभाष्या नसरुद्दीन नांदेडचा, त्याला मराठी चांगली कळायची. त्यानं टेप लावला.

आधी रंगनाथ: "मुक्ता, तू ड्यूटीवर जाणार, मी घरात बसून काय करू? मला बसवत नाही, तुला ठाऊक आहे. येऊ का नको, तूच सांग..."

खट्. आणि लगेच मुक्ता, अर्ध्या वाक्यातून: "...किती वेळा सांगायचं अहो तुम्हाला? बर्फात चपला चालत नाहीत. बूट घेऊन या."

साहेबानं नसरुद्दीनकडे पाहिलं.

"सर, हा विचारतोय येऊ का, ती म्हणते बूट घेऊन ये."

साहेब हसला नाही. कॅसेट फाइलला जोडायला सांगून त्यानं पेन उचललं. रंगनाथ खुर्चीतून उठलाच.

"नो सर. आन्सर हाफ. थर्सडे पोस्ट."

नसरुद्दीन डोळ्यांनी गप्प बस म्हणत होता. पण कॅसेट परत मिळाल्याशिवाय हलायचं नाही, असं रंगनाथच्या पायांनी ठरवलेलं. पुरावा जाऊ दे, व्हिसा जाऊ दे, पण उत्तराला उशीर झाला की मुक्ता काळजीत पडते, हे त्यानं तोडक्यामोडक्या इंग्रजीत, खुर्चीभोवती दोन फेऱ्या घालत, साहेबाला ऐकवलं.

साहेबानं टेपातून कॅसेट काढली, त्याच्या हातात ठेवली आणि वैद्यकीय तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. म्हणजे झालं काम.

रस्त्यावर येताच रंगनाथनं बाहेर थांबलेल्या मच्छिंद्रला धरून मुशैरिब बाजारातल्या दुकानात नेलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा नवी कोरी कॅसेट घेतली. जुनीवर आता बोलायचं नाही, म्हणाला. उरलंय तेवढं तिचं राहू दे.