चालू मशीन 'बंद' दाखवलं, त्या दिवशी

असल्या चमत्काराच्या गोष्टींना मी आजवर फक्त हसत आले. माझं कामच मुळी संशय घेण्याचं — वेगवेगळ्या ठिकाणच्या कॉम्प्युटरवर मिळून चालणारी सिस्टिम कितपत भरवशाची आहे, ते मी तपासते. एक मशीन मुद्दाम बंद पाडायचं आणि बाकीची काम सांभाळतात का ते बघायचं.

टेस्टिंगसाठी आमची तीन मशीन्स. एक कुपवाडच्या ऑफिसात, एक साताऱ्यात, तिसरं कडेगावला माझ्या आईच्या घरी. तिथे लाइट हमखास जाते, म्हणजे आयतीच टेस्ट! तिघं सतत एकमेकांना विचारतात, "आहेस का?" उत्तर आलं नाही की उरलेली दोघं त्याला 'बंद' ठरवतात.

गेल्या खंडेनवमीला ऑफिसात पूजा चालली होती, तेवढ्यात मोबाइलवर अलर्ट — कडेगाव बंद. मला हसूच आलं. आईनं पूजेसाठी बंद केलं असणार. त्या दिवशी ती मिक्सरलाही सुट्टी देते! विचारायला फोन केला... उचलेना. परत केला, परत तेच. शेजारच्या काकांचाही लागेना. तशीच स्कूटर काढली.

आई देवघरापुढे पडली होती. घामानं चिंब. नवरात्राचे उपवास कडक आणि शुगरची गोळी मात्र वेळेवर! शेजारच्या काकांनी गाडी काढली, दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, "अजून थोडा उशीर झाला असता तर..." पुढचं मी ऐकलंच नाही. तिचा हात धरून लहान मुलीसारखी रडले.

आणि मशीन? ते चालूच होतं. नंतर नोंदी तपासल्या. कडेगावनं प्रत्येक वेळी उत्तर दिलं होतं, कुपवाडला आणि साताऱ्याला ते पोहोचलंही होतं. तरी दोघांनी त्याला बंद ठरवलं! नेट, घड्याळं, कोड — सगळं चाळून झालं. मुद्दाम तसं घडवून पाहिलं, पण ती चूक परत होईना.

आईला सांगितलं, तर तिला काही नवल नाही.

"आगं, मी रोज सकाळी त्याला ईचारती, बरा हाईस न्हवं? त्या दिशी त्यानं मला ईचारलं आसंल. मी बोललीच न्हाई..."

मला हे पटत नाही. पण दुसरं कारणही अजून सापडलेलं नाही. ऑफिस ते मशीन परत मागतंय, आणि मी काही ना काही सांगून टाळतेय.