बाईंचा तिसरा रकाना

बोलता बोलता बाई एकदम गप्प व्हायच्या आणि दाराकडे बघायच्या. मीही बघायचो; तुम्हीही बघितलं असतंत. दारात कुणी नसायचं. "बघा, शिकलासा की!" म्हणून बाई हसायच्या.

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात संगणक शिकवत होतो. लहान मूल शब्दांचे अर्थ कसं शिकतं, ते संगणकाकडून करवून दाखवायचं माझ्या डोक्यात होतं. बाई आमच्या विभागात रोजंदारीवर टायपिंग करायच्या. हुपरीहून एसटीने यायच्या. घरी सव्वा वर्षाची नात. तिच्यासमोर कोण काय बोललं आणि तेव्हा पुढ्यात काय काय होतं, एवढं दोन रकान्यांत लिहून आणा, असं मी सांगितलं. बाईंनी तिसरा रकाना आखला : बोलणारा कुठं बघत होता.

"हे कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? आई मांजराकडं बघून 'मांजर' म्हणती, तवा पोरगीबी तिकडंच बघती. न्हायतर तिला कसं कळणार, मांजर कंचं आणि पाटा कंचा?"

"बाई, हे शास्त्र आहे," म्हणत मी तो रकाना गाळला.

संगणक आठ महिने शिकला. बाईंच्या घरी चांदीचं काम चाले, पैंजण कायम समोर. त्यामुळे त्याच्या मते 'दूध' म्हणजे पैंजण, 'आजी' म्हणजे पैंजण आणि 'झोप' म्हणजेही पैंजणच.

"हुपरीला धाडा ह्येला, सर," बाई म्हणाल्या. "धंद्याला तरी लागंल."

शेवटी कुणाला न सांगता मी तिसरा रकाना घातला. संगणक अर्थ धरू लागला. परिषदेत माझ्या निबंधावर कुणी विचारलं, ही कल्पना सुचली कशी? मी चष्मा पुसत म्हणालो, "निरीक्षणातून." खोटं नव्हतं. निरीक्षण माझं नव्हतं, एवढंच.

पुढे संशोधन-सहायकाची कायम जागा निघाली. बाईंनी अर्ज केला. संशोधनात हातभार लावल्याचं पत्र लागत होतं, आणि ते मीच द्यायचं होतं. रकाना बाईंचा असं लिहिलं, तर निबंध कुणाचा, हे विचारलं गेलं असतं. मी लिहिलं : 'टंकलेखन स्वच्छ व वेळेवर.'

बाईंनी ते उभ्यानेच वाचलं.

"एवढंच, सर?"

"नियमात तेवढंच बसतं."

"व्हय."

जागा दुसऱ्याला मिळाली. बाई यायच्या थांबल्या. मी विभागप्रमुख झालो.

बाई वारल्याचं गेल्या वर्षी कळलं. हुपरीला गेलो. दार नातीनेच उघडलं.

"आजी लई स्वच्छ टायपिंग करायची," ती कौतुकाने म्हणाली. "कॉलेजच्या सरांनी तसं लिहूनबी दिलतं. पत्र हाय की अजून."

मी तिला खरं सांगायला गेलो होतो. चहा घेतला आणि परतीची एसटी धरली.