टाकीतली हळद

पाण्याच्या बाटलीत हळद सापडली म्हणून मी रीतसर गुन्हा नोंदवून तपास केला होता, असे सांगितले की घरातली तरुण मंडळी हसतात. हसू देत. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, पण सकाळी फिरताना विनाकारण आठवते ती हीच केस. नावे मात्र कोणाचीच देणार नाही. त्यातली बरीच माणसे आता नाहीत, आणि जी आहेत त्यांना त्रास नको.

सत्तरचे दशक संपत आले होते. मी नाशिकच्या पश्चिमेकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. हद्दीत एका डोंगराच्या पायथ्याशी बारमाही झरा होता. नाशिकमधल्या एका औषधविक्रेत्याने तिथली जमीन घेऊन झऱ्याचे पाणी बाटलीत भरून विकायचा कारखाना काढला होता. बाटलीबंद पाणी ही गोष्ट तेव्हा लोकांना ठाऊक नव्हती. तहानलेल्याला पाणी पाजणे पुण्याचे, ते विकायचे कसे? 'आज पानी इकतोय, उद्या हवा इकंल,' असे गावातले लोक म्हणत.

मालक मात्र चिकाटीचा. वाळूच्या थरातून पाणी गाळायचे, मग मेणबत्तीच्या आकाराच्या चिनीमातीच्या फिल्टरमधून, मग मोठ्या टाकीत, तिथून काचेच्या बाटलीत. वर पत्र्याचे बूच, आणि कागदी लेबलावर भरल्याची तारीख. बाटल्या धुवायला आणि भरायला गावातल्याच वीस-पंचवीस बायका. दोन-तीन हॉटेले, काही दवाखाने आणि त्र्यंबकला येणारे परदेशी पाहुणे एवढेच गिऱ्हाईक. तरी चार वर्षांत त्याने धंदा उभा केला होता. झऱ्याभोवती सिमेंटची पेटी बांधून तिला लोखंडी झाकण आणि कुलूप लावले होते, कारण घाणीच्या नावानेही त्याच्या अंगावर काटा येत असे.

एके दिवशी संध्याकाळी हाच मालक एक बाटली छातीशी धरून ठाण्यात आला. बाटली त्याने टेबलावर ठेवली. पाण्यात पिवळसर झाक होती आणि तळाशी तांदळाचे दोन दाणे.

"साहेब, ही चौथी वेळ," तो म्हणाला. "आधीच्या तीन वेळा हॉटेलवाल्यांनी बाटल्या परत केल्या. आज मी स्वतः खोके उघडून पाहिलं. शहरात बोभाटा झालाय, की हे पाणी प्यायलं की कावीळ होते. आणखी एकदा असं झालं तर मी कारखाना बंद करतो."

त्या वर्षी शहरात काविळीची साथ होती आणि वर पाणी पिवळे! माझे एक वयस्कर हवालदार होते. त्यांनी बाटली उजेडाला धरली, कुंकवाचे कण पाहिले आणि ही करणी आहे असा निकाल देऊन टाकला. मी त्यांना गप्प केले. फिर्याद घेतली, मुद्देमाल सील केला, एक नमुना तपासणीला पाठवला. माझा संशय सरळ होता. जवळच एका सोडा-लेमनवाल्याचा कारखाना होता आणि पाण्याच्या बाटल्यांमुळे त्याची दोन हॉटेले सुटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खबर आली. एसटी स्टँडवरचा चहावाला आमचा जुना खबरी. तो म्हणाला, "सायेब, पान्याच्या कारखान्यात एकेका दिवसापुरत्या बाया येत्यात. मुकादम त्यांना आत घेतो. आन् तोच मुकादम सोडावाल्याच्या मान्साबरूबर माझ्याकडं च्या पितो."

खबरी अर्धे खरे सांगतो, हे मला ठाऊक होते. कोणते अर्धे, एवढाच प्रश्न असतो. मी कारखान्यातून मस्टर मागवले. लेबलांवरच्या चार तारखा काढून ताडून पाहिल्या, आणि खरेच, त्या चारही दिवशी मस्टरवर एकेक नवे नाव होते. नावासमोर अंगठा. आदल्या दिवशी ते नाव नाही, नंतरही पुन्हा कधी नाही. चार तारखा, चार बायका, आणि चौघींनाही कामावर घेतल्याची सही मुकादमाची. मला वाटले, केस हातात आली.

मुकादम तिशीतला, गावचाच. अंगाने किरकोळ, बोलायला सावकाश. त्याला ठाण्यात आणून चौकशी सुरू केली. या बायका कोण? सोडावाल्याने काय देऊ केले? टाकीत काय टाकले? तो एवढेच म्हणे, "सोडावाल्याचा मानूस मपल्या मामाच्या गावचा हाय. च्या पिलो, दुसरं काय नाय." बायकांचे विचारले की मान खाली. मी त्याच्यावर हात उचलला नाही, पण दिवसभर उभे ठेवले. त्या काळी आम्हाला ते काही वावगे वाटत नसे. संध्याकाळी घरी सोडला आणि सकाळी पुन्हा हजर राहायला बजावले.

दुसऱ्या दिवशी तो वेळेवर आला. आल्याआल्या म्हणाला, "सायेब, आज दुपारपुरतं सोडता का? घरी काम हाय."

"कसलं काम?"

"घरचंच हाय," तो म्हणाला. मी पुन्हा विचारले. तो जमिनीकडे पाहत राहिला. वर्षानुवर्षे गुन्हेगारांशी बोलून आमचा एक समज झालेला असतो, की काम सांगता येत नाही म्हणजे काम खोटे. मी म्हटले, "त्या बायका कशासाठी आल्या ते सांग आणि जा." त्याने नकारार्थी मान हलवली आणि भिंतीजवळ जाऊन आपणहून उभा राहिला.

मग मीच हवालदारांना घेऊन जीपने गावात गेलो. म्हटले, मस्टरवरच्या चौघींना एकेक करून उचलू.

पहिलीचे घर सापडले. ती ओट्यावर बसून मुलाला पाजत होती, मला पाहून पदर सावरत आत गेली. सासूने सांगितले, लेकरू तीन महिन्यांचे आहे. दुसरीच्या घरी दाराशी लंगोट वाळत होते. तिचे मूल दोन महिन्यांचे. तिसरीच्या घरीही झोळी टांगलेली. मी वहीत पत्ते लिहून घेत होतो. हवालदार मात्र बोटांवर काहीतरी मोजत होते. चार लेकरांचे बाप होते ते.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "तारखा लावून बघा. ज्या दिवशी ही बाई कारखान्यात गेली, त्या दिवशी हिचं पोर दहा-बारा दिवसांचं होतं. तिघींचंही तसंच. दहा दिवसांची बाळंतीण बाटल्या धुवायला जाते का कुठं?"

चौथ्या नावाचे घर विचारत गेलो, तर लोक एकमेकांकडे बघू लागले. एका म्हाताऱ्याने बोट दाखवले. दारात आंब्याचे डहाळे बांधले होते, आत बायका जमल्या होत्या, मध्ये फुले लावलेला पाळणा होता. मी विचारले, "घर कोणाचं?"

"मुकादमाचं," कोणीतरी म्हणाले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या दिवशी त्याच्या मुलीचे बारसे होते. बाप ठाण्यात, म्हणून पाळणा हलवायचा थांबला होता. घुगऱ्या शिजून थंड झाल्या होत्या. त्याची बायको पाळण्याला धरून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि ती रडायला लागली. मला तिथे उभे राहवेना.

घोळक्यातून एक म्हातारी पुढे आली. गावची सुईण, आणि कारखान्यात बाटल्या धुणाऱ्या बायकांची म्होरकी. म्हणाली, "सायेब, हळद मी टाकली. पोरींना मीच न्हेलं. मुकादमाचं नाव नका घालू. त्यानं निस्तं आत येऊ दिलं."

"का टाकली?"

"आमच्यात बाळंतिणीनं पानी पुजल्याबिगर तिनं हंड्याला हात लावायचा नसतो. पाळना बी त्याच्या मागून. झऱ्यावर साती आसरा हायेत, पान्याच्या देवी, सात दगुड. आमच्या आज्या-पणज्यांनी तिथंच पुजलं. मालकानं पेटी बांधली आन् आसरा आतच ऱ्हायल्या. कुलूप लावलं."

"दुसऱ्या विहिरीवर पुजायचं."

"उन्हाळ्यात हिरीला पानी कुठं? आन् आसरा झऱ्याच्या, हिरीच्या नाय." ती मुकादमाच्या बायकोकडे पाहून म्हणाली, "कुलूप लागल्यापून हिची दोन लेकरं म्हैन्याच्या आत गेली. गावात आनखी बी गेली. मंग मी म्हनलं, झरा दिसत नाय तर नाय, त्याचं पानी तर दिसतंय. टाकी उघडी असती. पाच दानं तांदळाचं, चिमूटभर हळद-कुकू. पोरीनं पान्यात बघायचं, हात जोडायचं. बाहेरच्याला आत सोडत नाय म्हनून मस्टरवर नाव घातलं. तिच्या वाटंच्या बाटल्या आमीच धुतल्या, तिला कोपऱ्यात बसवली."

ती मुले कशाने गेली, हे डॉक्टरच सांगू शकला असता. बहुधा धनुर्वाताने, नाळ कापायच्या विळ्याने. पण त्या दारात उभे राहून ते बोलायची माझी हिंमत झाली नाही. मी हवालदारांना जीप घेऊन पिटाळले आणि सांगितले, मुकादमाला आणा, आणि मालकालाही.

मुकादम आला तो लंगडतच. दीड दिवस उभा होता, पाय सुजले होते. त्याने हात-पाय धुतले आणि मुलीपाशी गेला. आत्याने कानात नाव सांगितले, बायकांनी पाळणा म्हटला. मी बाहेर कुडाला टेकून उभा होतो. थोड्या वेळाने तोच बाहेर आला, हातात घुगऱ्यांची पत्रावळ. घोंगडी पसरून म्हणाला, "उभं का सायेब? बसा." माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे आज लिहायला मला लाज वाटत नाही. त्याला सांगायला हवे होते की माझे चुकले. तेव्हा जमले नाही. फौजदाराची टोपी डोक्यावर होती.

मालक आला, सगळे ऐकले आणि भडकला. त्याचे चुकीचे नव्हते. "हे पाणी दवाखान्यात जातं," तो सुईणीला म्हणाला. "आजारी मुलं पितात. तुमच्या हातांची घाण पोटात जाऊन एखादं दगावलं असतं म्हणजे? माझी मुलगी आठ वर्षांची होती. विषमज्वराने गेली. शाळेच्या हौदातलं पाणी प्यायली होती. म्हणून मी हा उद्योग काढला. लोक समजतात मला पैसे हवेत."

एवढे बोलून तो ओट्यावर बसला. मग म्हातारी त्याच्यासमोर उकिडवी बसली. "मालक, मंग तुमाला तर सांगायाच नको," ती म्हणाली. "आमी बी लेकरं जगावी म्हनूनच केलं."

"ते दगड मी देव म्हणून हलवले नाहीत," मालक म्हणाला. "वाटलं, जागेवर राहू द्यावेत, कोणाला वाईट वाटायला नको. हळद खरी कुठे सोडायची असते?"

"व्हात्या पान्यात."

"मग टाकीत कशाला टाकली?"

"तुमी व्हातं ठिवलंच कुठं, मालक?"

पुढच्याच आठवड्यात त्याने गवंडी बोलावला. पेटीला खालच्या अंगाने भोक पाडून कारखान्याच्या कुंपणाबाहेर दगडी पन्हळ काढली. आत येणारे पाणी आधी कारखान्याला आणि उरलेले गावाला, चोवीस तास. सात दगड गावच्या बायकांनी आपल्या हातांनी बाहेर आणून पन्हळीपाशी मांडले. मालकाने आणखी एक केले. आपल्या ओळखीच्या दवाखान्यातली नर्स आणून सुईणीला ब्लेड उकळायला शिकवले. म्हातारीने आधी नाक मुरडले, मग शिकली. बाटल्यांतला पिवळेपणा गेला आणि काविळीची आवई हळूहळू विरली. गुन्ह्याला मी 'सी' समरी मागितली, म्हणजे फिर्याद खोटी नाही, पण गुन्हाही घडलेला नाही, सगळे गैरसमजातून झाले. वरिष्ठांनी विचारले, सोडावाल्याचे काय? मी म्हटले, त्याच्या माणसाने फक्त चहा पाजला. तपासणीचा अहवाल दोन महिन्यांनी आला. त्यात लिहिले होते, हळद.

तो कारखाना ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालला. मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, मोठ्या कंपन्या आल्या, आणि मालकही थकला. जाताना त्याने पेटीचे झाकण काढून टाकले आणि झरा गावाला देऊन टाकला.

या केसने मला जे शिकवले ते फार मोठे नाही. चौकशीला बसवलेला कोणीही 'घरी काम आहे' म्हणाला की त्यानंतर मी आधी एक शिपाई सायकलवर त्याच्या घरी पाठवत असे. हाताखालचे लोक कुरकुरत. निम्मे जण थापाच मारत, हेही खरे. पण एकदा शिपाई धापा टाकत परत आला आणि म्हणाला, आई शेवटच्या घटका मोजतेय. तो माणूस चोर होता, हे मला तेव्हाही पक्के ठाऊक होते. त्याला मी माझ्या जीपमधून घरी नेले. पुढे त्याच्यावर खटला झाला, माझ्याच साक्षीवर त्याला शिक्षा झाली. पण आईच्या तोंडात पाणी घालायला तो वेळेवर पोहोचला होता.