पोराच्या झोपेवरून

माझं पहिलं मूल श्रावणात झालं आणि कापसाच्या वेचणीपर्यंत माझं नि माझ्या सासूचं वैर पक्कं झालं. हे वैर जमिनीवरून नव्हतं, दागिन्यांवरूनही नव्हतं. पोराला दुपारी कसं निजवायचं यावरून ते झालं आणि तिच्या मरणापर्यंत टिकलं.

माझं माहेर कळसाडीचं, सासर ब्राह्मणपुरीचं. दोन्ही गावं एकाच तालुक्यात, बोली एकच, देवही तेच. तरी सासरी मला परगावची म्हणूनच वागवायचे. मी सातवी पास होते, याचा सासूला पहिल्या दिवसापासून राग. नवरा नंदुरबारला कारकून होता, शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटे निघून जायचा. मधले दिवस घरात सासूचं राज्य असे. सासरे शेतात रमलेले, घरातल्या बायकांच्या भांडणात त्यांनी कधी तोंड घातलं नाही.

पोरगा झोपेला फार हलका होता. भांडं पडलं की जागा, दार वाजलं की जागा. जेमतेम डोळा लागायचा आणि हातपाय झाडत उठायचा. दिवाळीनंतर कापूस फुटला तसा सासूने हुकूम सोडला की सून वावरात जाईल आणि पोराला ती बघेल. ओल्या बाळंतिणीसारखं किती दिवस घरात बसायचं, असंही ती ओट्यावर बसलेल्या बायांना ऐकवून म्हणाली. मी ओटीत कापूस वेचायची आणि दूध दाटून छाती दगडासारखी व्हायची. दुपारी धावत घरी यायचे तर पोरगा रडून लाल झालेला आणि सासू त्याच्याहून लाल.

मग एक दिवस मी आले तर घर शांत. पोरगा झोळीत निजलेला.

"देख, आते कसा निजस," सासू म्हणाली. तिला इतकं खूश मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्या दिवशी मी निवांत भाकर खाल्ली. पण दूध पाजायला त्याला उचललं तर मान लटकली. ओठाला स्तन लावला, तो दोनदा ओढून पुन्हा झोपला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. गालांवरचं तेज उतरलं, शी खड्यासारखी व्हायला लागली. एकदा अंधाऱ्या खोलीत त्याने डोळे उघडले तेव्हा बुबुळातला काळा ठिपका मोहरीएवढा दिसला. अंधारात तो मोठा व्हायला हवा, एवढं मला मांजरीच्या डोळ्यांवरून ठाऊक होतं.

सासू रोज सकाळी सहाणेवर गुटी उगाळायची. वेखंड, हरडा, जायफळ, जे सगळ्याच घरांत उगाळतात ते. त्या दिवशी ती नदीवर गेल्यावर मी सहाण उचलून पाहिली. कडेला तपकिरी, चिकट रेघ होती. मी ती जिभेला लावली. कडू जहर, आणि जिभेचं टोक बधिर झालं.

ती परत आल्यावर मी विचारलं. तिने लपवलं नाही, हे मान्य करते.

"बाळागोळी शे. गावमा सगळ्याच देतस," ती म्हणाली आणि धुणं वाळत घालू लागली.

बाळागोळी म्हणजे अफूची गोळी. कामाच्या दिवसांत पोरं गप्प राहावीत म्हणून कणभर चाटवायची. माझ्या माहेरी ती चाटवत नसत, पण ऐकून मला माहीत होती. मी सहाण आणि फळीवरची गोळ्यांची डबी, दोन्ही उकिरड्यावर नेऊन टाकली. सासूने सहाण उचलून आणली, धुतली, जागेवर ठेवली. डबी मात्र मी पायाने खोल दाबली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी वावरात गेले नाही.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. गोळी बंद झाली तसा पोरगा वेड्यासारखा रडू लागला. नाक गळायचं, शिंका यायच्या, जुलाब लागले, अंगाला हात लावला तरी किंचाळायचा. सासू ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की शिकलेल्या आईने पोराचे हाल मांडलेत. बाया आत डोकावून मान हलवून जायच्या. एकीनेही माझ्या हातून पोराला घेतलं नाही.

मी ठरवलं, हा निजेल तर माझ्या हातानेच निजेल आणि गोळीशिवाय निजेल. सकाळी गुरं गेली की त्याला ऊन पाण्याने न्हाऊ घालायची, तेल लावायची, पाजायची. मग मागच्या खोलीत जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती तिच्यात ठेवायची. झरोक्यावर गोणपाट टाकायची. गाणं नाही, बोलणं नाही, नुसता एकसुरी हुंकार. तो जागा असतानाच झोळीत ठेवायची, कारण मांडीवर निजलेला खाली ठेवला की दचकून उठायचा. कुरकुर केली की लगेच उचलायची नाही, छातीवर हात ठेवून थांबायची. रडणं चढलं तरच घ्यायची. दुपारच्या जेवणानंतर पुन्हा हाच क्रम. रोज तसाच, तीच खोली, तीच झोळी.

पहिले काही दिवस मी त्याच्याबरोबर रडले. मग एका सकाळी त्याने स्वतःच मूठ तोंडात घातली, दोनचार वेळा चोखली आणि डोळे मिटले. मी हालचाल न करता तिथेच बसून राहिले. छाती वरखाली होत होती, श्वास मोकळा होता, आणि थोड्या वेळाने उठला तो भुकेला उठला. दूध असं ओढलं की मला दुखलं. त्या दुखण्याचं मला किती सुख झालं ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

सासूला हे पाहवलं नाही. मी झोळीला पहिला झोका दिला की शेजारच्या खोलीत भांडी आदळायची. मी दार लावून घेतलं. मग तिने उखळ मागच्या खोलीच्या दाराशी आणवलं आणि नेमकं पोराच्या झोपेच्या वेळेला लाल मिरच्या कांडायला बसली. वर्षाचं तिखट उन्हाळ्यात कांडायचं असतं, तेव्हा तर मिरच्या पुऱ्या वाळल्याही नव्हत्या. दाराच्या फटीतून खकाणा आत आला. पोरगा ठसकत उठला, डोळे सुजले, श्वास लागला.

मी त्याला पदरात गुंडाळून बाहेर आले आणि मुसळ धरलं. ती वर ओढू लागली, मी सोडलं नाही. आम्ही दोघी तशाच उभ्या. ती म्हणाली की तिने पोरं वाढवलीत, तिला कालच्या पोरीने शिकवू नये.

"मन्हा पोरे काय मरी ग्यात का?"

"एक मरी गयी ना. झोळीमा," मी म्हटलं.

हे मला नवऱ्याने सांगितलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांत, सहज. त्याच्या पाठची बहीण वेचणीच्या दिवसांत निजल्या जागी गेली होती. घरात सगळे म्हणायचे की दृष्ट लागली. त्या घरात कुणी तिचा विषय काढत नसे.

सासूने मुसळ सोडलं. ते माझ्या हातात आलं आणि जड वाटलं. उखळ तसंच, अर्धवट कांडलेल्या मिरच्या तशाच टाकून ती परसात गेली आणि संध्याकाळपर्यंत आत आली नाही. त्या दिवशी चूल मी पेटवली.

शनिवारी नवरा आला. आईने त्याला काय सांगितलं कोण जाणे, तो माझ्याशी दारातूनच कडक बोलला. जुनी जखम उकरायला नको होती, पाया पड आणि मिटव, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं की अफूचं काय. तो म्हणाला की ती आता देत नाही ना, मग झालं. मी पाया पडले नाही. ती बोलली त्याला मी उत्तर दिलं आणि ते खरं होतं. आज इतक्या वर्षांनीही मला ते परत घ्यावंसं वाटत नाही. सोमवारी तो बांधलेली भाकर न घेता गेला.

वेचणी संपलेली नव्हती. माणूस कमी पडतंय म्हणून सासऱ्यांची चिडचिड सुरू झाली होती, तेव्हा मी पुन्हा वावरात जायला लागले. पण पोराला बरोबर घेऊन. बांधावरच्या निंबाच्या फांदीला तीच झोळी बांधली, वरून लुगडं पांघरून अंधार केला, तोच हुंकार, तोच छातीवर हात. वेचणाऱ्या बाया हसायच्या. तो मात्र घरच्यासारखाच निजायचा. उठला की मी ओटी सोडून त्याला पाजायला बसायचे, कुणी कितीही वाकडं तोंड केलं तरी.

सासूने त्यानंतर पोराला कधी मांडीवर घेतलं नाही. एकदा मी चुलीपाशी होते आणि तो अंगणात रांगत तिच्या पायाशी गेला, तर ती पाय ओढून घेत म्हणाली, "तुन्हा पोऱ्या, तू देख." तो तिचं लुगडं धरून उभा राहू पाहत होता. मी त्याला उचलून आत आणलं. माझ्या धाकट्या मुलांनाही तिने हात लावला नाही. एका चुलीवर आम्ही वर्षानुवर्षं रांधलं. मीठ, पीठ, पाणी, गुरं, एवढ्यापुरतंच बोललो.

उन्हाळ्यात वावरात काम नसलं की मी पोराला दुपारी घरीच निजवायची. तेव्हा ओट्यावर कुणी आलं, मोठ्याने बोलू लागलं, की सासूचा आवाज यायचा.

"साहेब निजी ऱ्हायनात. जाय, मंग ये."

हे ती मला ऐकू जावं म्हणून म्हणायची, नाक मुरडून, साहेब शब्दावर जोर देऊन. बाया फिदीफिदी हसायच्या आणि उठून जायच्या. ओटा रिकामा व्हायचा, गल्लीत कुत्रंदेखील भुंकत नसे, आणि पोरगा ऊन उतरेपर्यंत झोपायचा. तिच्या तोंडून गोड शब्द मला नकोच होता. मी खोलीत आडवी व्हायची, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवायची आणि मीही जराशी डुलकी काढायची.